पाठीवरचे आकडे

ज्ञानेश्वरीची एकच प्रत आहे आणि ती कुठल्या कपाटात ठेवायची हे ठरवायचं आहे. ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयात तिच्यासाठी किमान दोन जागा निघतात. गीतेवरची टीका म्हटलं तर २९४.५९२४, तिथे शेजाराला शांकरभाष्य आणि गीतारहस्य. मराठी काव्य म्हटलं तर ८९१.४६१, तिथे मुक्तेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण प्रत एकच असल्यामुळे ती एकाच ठिकाणी उभी राहू शकते. ग्रंथपाल एक उत्तर पक्कं करतो, पाठीवर चिठ्ठी चिकटवतो आणि पुढची कित्येक वर्षं वाचक त्या चिठ्ठीच्या मागोमाग जातात.

ही चिठ्ठी वाचकाला क्षुल्लक वाटते. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र ती सगळ्यांत महागडी गोष्ट असते, कारण ती पुस्तकागणिक एकेक लावावी लागते आणि बदलायची झाली तर पुस्तकागणिक एकेक काढावी लागते. कोणती पद्धत घ्यायची यावर परिषदांमधून ज्ञानाच्या शाखा-उपशाखांची मोठी चर्चा होते. प्रत्यक्षात पद्धत टिकते किंवा जाते ती वर्गांक कोण काढून देणार आणि चिठ्ठ्या कोण डकवणार, या हिशेबावर. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तरी हेच दाखवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ग्रंथालयांत आकडा पुस्तकाच्या विषयाचा नसे, फळीचा असे. तिसरं कपाट, दुसरा खण, सतरावं पुस्तक. खण भरला की नवं पुस्तक विषय कोणताही असला तरी पुढच्या खणात. कपाटं हलवली की सगळे आकडे बाद. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्विल ड्युई या तरुणाने १८७३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, यावर तोडगा सुचवला: आकडा फळीला न देता विषयाला द्यायचा आणि तो दशांशात द्यायचा, म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये हवी तेवढी नवी जागा करता येते. १८७६ मध्ये ही योजना ४४ पानांच्या पुस्तिकेच्या रूपात छापली गेली; मुखपृष्ठावर त्याचं नावही नव्हतं. विषयांचा क्रम त्याने सेंट लुईसच्या ग्रंथालयात डब्ल्यू. टी. हॅरिस यांनी १८७० मध्ये लावलेल्या क्रमावरून घेतला होता. नवी होती ती दशांशाची युक्ती. ड्युईला काटकसरीचं वेडच होतं. इंग्रजी स्पेलिंगमधली फुकट अक्षरं त्याला इतकी खुपत की काही काळ त्याने स्वतःचं आडनावही छाटून तीन अक्षरांवर आणलं होतं.

दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा. रचना देखणी आहे, पण तिच्यात जागावाटप कुणी केलं हे लगेच कळतं. २०० हा धर्माचा वर्ग. त्यातले २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्माला, आणि जगातले बाकीचे सगळे धर्म २९० मध्ये. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, इस्लाम २९७. साहित्याच्या ८०० मध्येही तोच प्रकार: अमेरिकी ८१०, इंग्रजी ८२०, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना एकेक पूर्ण दशक आणि ८९० म्हणजे उरलेल्या भाषांची शेवटची पंगत. त्या पंगतीत मराठी ८९१.४६ वर बसते. कादंबरी ८९१.४६३, नाटक ८९१.४६२. मराठी भाषेविषयीची पुस्तकं मात्र ४९१.४६ वर, म्हणजे अनेक कपाटं अलीकडे.

गावच्या मराठी वाचनालयात हे लावायला घेतलं की काय होतं याची कल्पना करता येईल. निम्म्याहून जास्त संग्रह कथा-कादंबऱ्यांचा. म्हणजे कपाटांमागून कपाटं ८९१.४६३. सहा आकडी क्रमांक हजारो पुस्तकांवर सारखाच लिहायचा आणि त्यातून वाचकाला कळणार काय, तर ही मराठी कादंबरी आहे! ते त्याला मुखपृष्ठावरूनच कळलेलं असतं. या अडचणीवर ड्युईच्या तक्त्यांतच पळवाटा दिलेल्या आहेत. आपल्या भाषेच्या साहित्याला हवं तर ८१० ही पहिली जागा द्या, किंवा आकड्याच्या जागी अक्षर घालून छोटा क्रमांक करा. तरीही बऱ्याच वाचनालयांनी याहून सोपा मार्ग धरला: दाखल क्रमांक, आणि कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, बालवाङ्मय, संकीर्ण अशी ढोबळ वाटणी. सभासदाने छापील यादीतून क्रमांक लिहून आणायचा आणि देवघेवीच्या खिडकीत द्यायचा. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला हे मागासलेपण वाटतं. पण वाचक कपाटापर्यंत पोचतच नसेल, तर कपाटातला क्रम कुणासाठी लावायचा?

वर्गीकरणाला खरी निकड आली ती कपाटं वाचकांना खुली झाली तेव्हा. लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी १८९४ मध्ये मुक्तद्वार पद्धत सुरू केली. त्याआधी ब्रिटिश ग्रंथालयांत ‘इंडिकेटर’ नावाचं भलंमोठं फळकूट असे. त्यात प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक आणि ते आत आहे की बाहेर गेलंय हे दाखवणारा रंग. वाचक फळकूट बघणार, क्रमांक सांगणार, नोकर पुस्तक आणणार. ब्राउन यांनी ते काढून टाकलं आणि वाचकाला छोट्या फाटकातून थेट कपाटांपाशी सोडलं. पुस्तकं चोरीला जातील, हा आरडाओरडा त्यांच्या समव्यावसायिकांनी भरपूर केला. पण एकदा वाचक आत आल्यावर पुस्तकं विषयवार लावणं भागच होतं.

ब्राउन यांना ड्युई पटत नव्हता. त्यांनी १९०६ मध्ये स्वतःची ‘विषय वर्गीकरण’ पद्धत काढली. एका विषयाचं सगळं एका जागी, हे तिचं तत्त्व. म्हणजे संगीत ललितकलांत न जाता भौतिकशास्त्रात, ध्वनीच्या शेजारी. कागदावर हे आकर्षक आहे. इझलिंग्टनला, जिथे ब्राउन नंतर ग्रंथपाल होते, ती वापरात आली. आणखी काही ब्रिटिश ग्रंथालयांनी घेतली. पण मागे संस्था नाही, नव्या आवृत्त्या काढणारं कुणी नाही. १९३९ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर ती थांबली आणि तिच्या मागे गेलेली ग्रंथालयं एकेक करून ड्युईकडे आली.

अशीच एक घरची पद्धत बडोद्यात झाली, आणि तिच्याकडे मराठी वाचकाने जरा निवांत बघायला हवं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही नसेल तर तो अक्षरं विसरेल, म्हणून गावोगाव वाचनालयं हवीत, हा त्यापुढचा विचार. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी बघितली होती. न्यू हेवन इथल्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बोलावून घेतलं. महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग निघाला, लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं खेडोपाडी जाऊ लागली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघालं. ज. स. कुडाळकर हे या कामातलं मोठं नाव.

बॉर्डन यांच्यापुढे प्रश्न होता वर्गीकरणाचा. तयार ड्युई घ्यावा तर भारतीय विषयांची त्यात कोंडी. अमेरिकेत त्या वेळी ड्युईला तोलामोलाचा दुसरा एक पर्याय होता, चार्ल्स कटर यांची विस्तारक्षम पद्धत. तिचे सात तक्ते होते: पहिला अगदी लहान ग्रंथालयासाठी, मग संग्रह वाढेल तसा पुढचा. छोट्या वाचनालयाला सुरुवातीला मोजकी अक्षरं पुरावीत, ही कल्पना गावोगावच्या वाचनालयांना किती सोयीची होती! पण कटर १९०३ मध्ये वारले आणि सातवा तक्ता अपुरा राहिला. बॉर्डन यांनी कटर आणि ड्युई यांच्या मिश्रणातून बडोद्यासाठी वेगळी पद्धत बांधली. १९१३ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांनी उभारलेली संघटना पुढे वाढली, अमेरिकेच्या स्नेड कंपनीच्या लोखंडी मांडण्या आणि त्यांच्या मजल्यांची काचेची जमीन बडोद्यात आजही नवख्याला थबकायला लावते. वर्गीकरण मात्र बडोद्याच्या बाहेर रुजलं नाही. रुजणार कसं? नवा विषय आला की त्याला अंक देणारं, तो अंक सगळ्यांना कळवणारं कार्यालय त्या पद्धतीपाठी नव्हतं.

याच कसोटीवर भारतातली सगळ्यांत बुद्धिमान पद्धतही मागे पडली. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना सुचलं की विषयांना तयार अंक देण्याऐवजी सुटे भाग द्यावेत आणि ग्रंथपालाने ते जोडून अंक बनवावा. परतीच्या प्रवासात बोटीवरचं ग्रंथालय लावून त्यांनी कल्पना पडताळली. १९३३ मध्ये ‘कोलन क्लासिफिकेशन’ म्हणजे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. भारतात १९५०च्या दशकात फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याविषयीचं संशोधन, या विषयाचा अंक त्यात असा होतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४’एन५. एल म्हणजे वैद्यक, ४५ फुप्फुसं, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत, एन५ ते दशक. विषय उलगडून आकड्यांत मांडण्याची ही रीत इतकी काटेकोर आहे की जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी तिच्यातून धडे घेतले.

पण हा अंक काढायला तालुक्याच्या वाचनालयात कुणाला वेळ होता? ड्युईच्या बाबतीत तो काढावाच लागत नव्हता. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस स्वतःच्या कपाटांसाठी वेगळी पद्धत वापरते. तरीसुद्धा १९३० पासून तिने आपल्या छापील तालिकापत्रांवर ड्युईचे अंकही द्यायला सुरुवात केली. १९५० मध्ये निघालेली ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूची ड्युईप्रमाणे लावलेली. ग्रंथालयाने पुस्तक घ्यायचं आणि तयार अंक उतरवून घ्यायचा. आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने तर या झगड्याचा निकाल पानावरच छापला: १९५८ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या सूचीत नोंदींची मांडणी ड्युईची आणि नोंदीच्या तळाशी रंगनाथनांचा कोलन अंक. मान दोघांना, क्रम एकाचा.

एकदा पद्धत घेतली की प्रश्न संपला, असंही नाही. ड्युई स्वतः बदलत राहतो आणि त्याचा प्रत्येक बदल म्हणजे ग्रंथालयाला काम. मेल्विल ड्युईला हे कळत होतं. १८८५ च्या दुसऱ्या आवृत्तीतच त्याने आता आकडे सहसा हलवणार नाही अशी हमी देऊन टाकली होती. हमी पाळली तर ज्ञान पुढे जातं आणि आकडे जुनेच राहतात; मोडली तर ग्रंथपाल चिडतात. १९५१ च्या पंधराव्या आवृत्तीने धाडस केलं. आधीच्या आवृत्तीत सुमारे ३१ हजार नोंदी होत्या, त्या छाटून पाच हजारांच्या आत आणल्या आणि कित्येक विषय हलवले. ग्रंथालयांनी ती सरळ नाकारली. अनेक जण चौदावीच वापरत राहिले. १९५८ च्या सोळाव्या आवृत्तीत संपादकांनी माघार घेतली आणि वेगळी चाल खेळली: एका आवृत्तीत सगळं न बदलता एखाददुसरा विभाग पूर्ण मोडून नव्याने बांधायचा. पहिली पाळी रसायनशास्त्राची, पुढे मानसशास्त्र, कायदा, गणित, संगीत. १९८५ मध्ये संगणकशास्त्राला ००४ ते ००६ ही जागा मिळाली. तोवरची संगणकाची पुस्तकं ००१.६ वर होती आणि अनेक ठिकाणी ती तिथेच राहिली. एकाच विषयाच्या दोन फळ्या, मध्ये भलतंच काही.

काही बदल मात्र कितीही काम पडलं तरी व्हायलाच हवे होते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून कृष्णवर्णीयांविषयीचा संग्रह उभा करणाऱ्या डोरोथी पोर्टर यांना इतर ग्रंथालयांत दिसलं की कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक, मग ते कवितांचं का असेना, ३२५ किंवा ३२६ वर टाकलं जातं. ३२५ म्हणजे वसाहतीकरण, ३२६ म्हणजे गुलामगिरी. त्यांनी आपल्या संग्रहात पुस्तकं विषय आणि लेखकानुसार लावली, कविता कवितेत. धर्माच्या वर्गालाही २०१२ मध्ये एक पर्यायी क्रम मिळाला, ज्यात ख्रिस्ती धर्माचं झुकतं माप काढलेलं आहे. पण तो पर्यायी आहे. जुन्या चिठ्ठ्या लावलेल्यांवर त्याची सक्ती करायला कुणी धजावलं नाही.

प्रत्यक्ष बदल करायचा तर तीन रस्ते आहेत. ग्रंथालय बंद ठेवून सगळं एकदम उरकायचं. किंवा अमुक तारखेनंतर येणारी पुस्तकं नव्या पद्धतीने आणि जुनी तशीच. किंवा परत येणारं प्रत्येक पुस्तक फळीवर जाण्याआधी बदलून घ्यायचं. पहिल्यात वाचक बोंबलतात. दुसऱ्यात दोन रांगा कायमच्या गळ्यात पडतात. तिसरा रस्ता हुशारीचा, कारण जास्त वाचली जाणारी पुस्तकं आपोआप आधी बदलतात. वर्षा-दोन वर्षांनी जी जुन्याच चिठ्ठीवर राहतात ती कुणी वाचत नाही हेही कळतं आणि रद्दीची यादी फुकटात तयार होते. या सगळ्यात प्रत्येक पुस्तक हातात घेऊन नोंद दुरुस्त करणं, चिठ्ठी छापणं, जुनी खरवडणं, नवी डकवणं आणि पुस्तक फळीवर नव्या जागी नेणं आलंच. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात हे करणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि तोच झाडू मारतो, तोच देवघेव बघतो.

सिएटलच्या ग्रंथालयाने तर बदलाचा रस्ताच अवघड करून ठेवला. रेम कूलहास यांनी रचलेल्या, २००४ मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीत ००० ते ९९९ पर्यंतचे सगळे वर्ग एका सलग चढत्या उतारावर लावले आहेत. चार मजले ओलांडणारा तो उतार ड्युईच्या क्रमावरच बेतलेला.

ड्युई सोडून देण्याचा प्रयोग अमेरिकेतच झाला, हे एका अर्थी योग्यच. २००७ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या गिल्बर्ट गावी मारिकोपा परगण्याच्या ग्रंथालयाची नवी शाखा उघडली आणि तिथे पाठीवर दशांश नव्हते. पुस्तकविक्रेत्यांचे व्यवसायासाठी ठरवलेले विषय घेऊन स्वयंपाक, बागकाम, इतिहास, आरोग्य अशा पाट्या लावल्या होत्या. बरेच वाचक ठरावीक पुस्तक मनात धरून येत नाहीत, कपाटापुढे रेंगाळत निवडतात, तर मग दुकानासारखंच का लावू नये, हा युक्तिवाद. संग्रह नवा होता, जुन्या चिठ्ठ्या खरवडायच्या नव्हत्या. म्हणून हे धाडस परवडलं. दोन वर्षांनी कोलोरॅडोतल्या ‘एनीथिंक’ या ग्रंथालयसमूहाने आपल्या सगळ्या शाखांमधून ड्युई हटवला. टीकाकारांचं म्हणणं असं की दोनशे पुस्तकांच्या ‘इतिहास’ फळीवर पाटी पुरते, दोन हजारांच्या फळीवर पुन्हा आकडे लागतात. हे खरं आहे. त्यामुळे बऱ्याच ग्रंथालयांनी मधला मार्ग घेतला: वर ठळक विषयपाटी, आत तोच ड्युईचा क्रम.

आणि नेमक्या याच वर्षांत स्वीडन उलट दिशेने निघालं होतं. स्वीडिश ग्रंथालयांची स्वतःची पद्धत होती, १९२१ पासूनची, आकड्यांऐवजी अक्षरांची. ललित साहित्याला एच आणि त्यात स्वीडिश साहित्याला एचसी. शाळकरी पोरालाही पाठ होणारी खूण. नोव्हेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने ती सोडून ड्युईकडे जायचा निर्णय घेतला आणि २०११ पासून अंमल सुरू केला. कारणांमध्ये कुठे तत्त्वज्ञान नव्हतं. परदेशी पुस्तकांच्या नोंदी तयार ड्युई अंकांसह मिळतात, त्यांना पुन्हा घरचा अंक देण्यात मनुष्यबळ जातं, आणि छोट्या देशाने एकट्याने स्वतःची पद्धत अद्ययावत ठेवणं महाग पडतं. विद्यापीठांची ग्रंथालयं बरोबर गेली. सार्वजनिक ग्रंथालयांपैकी बरीच जागची हलली नाहीत. त्यांची बहुतेक पुस्तकं स्वीडिश, अंक ठाऊक, वाचक सरावलेले. तेव्हा एकाच शहरातली एकच कादंबरी सार्वजनिक वाचनालयात एचसीखाली सापडू शकते आणि विद्यापीठात ८३९.७ खाली, जर्मनच्या दशकाच्या अगदी शेपटाला.